पडलेल्या देवराईचे दिवस घालायचे राहिले आहेत

आज सकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला की येत्या रविवारी देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या आमच्या रानात, वृक्षारोपण आहे, गुलमोहराची टेम्पोभर रोपे येणार आहेत, फोटो काढायला माणूस सांगितला आहे. खाली शेवटची ओळ होती : "जुने रडगाणे पुरे, आता नवे जंगल उभे करू." ती ओळ वाचल्यापासून माझे कशात लक्ष नाही. कोणते रडगाणे? त्या देवराईसाठी आपण रडलो कधी?

श्रीवर्धन तालुक्यातल्या माणसाला ३ जून २०२० ही तारीख समजावून सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी लिहिते. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडवून नेले. टाळेबंदी होती, फोन लागत नव्हते, वीज तर कित्येक आठवडे नव्हती. पुण्या-मुंबईतले आम्ही घरची माणसे सुखरूप आहेत एवढे कळण्यासाठी तळमळत होतो. पुढे घरांचे पंचनामे झाले, वाड्यांचे झाले, थोडीफार का होईना भरपाई आली. देवराईचा पंचनामा कोणी केला नाही, कारण ती कोणाच्या सातबाऱ्यावरचे पीक नव्हती.

तिच्याकडे आधी गेली ती माझी काकी. वाट जराशी मोकळी होताच ती एकटी, अनवाणी, मोडलेल्या फांद्यांवरून चढत-उतरत देवळापर्यंत गेली. देवळामागचा बेहडा मुळासकट उपटून पडला होता. मुळांना धरून वर आलेली तांबडी माती अजून ओली होती, फाटलेल्या खोडातून पिवळट लाकूड दिसत होते, आणि जी झाडे उभी राहिली होती त्यांची पाने खाऱ्या वाऱ्याने वणव्यात होरपळल्यासारखी झाली होती. काकी तिथे बराच वेळ बसली. परत आली ती ओटीवर चढलीच नाही. परसात उभी राहून तिने सुनेकडे पाणी मागितले, डोक्यावरून आंघोळ केली आणि मगच घरात पाऊल टाकले. त्या दिवशी तिने चूल पेटवू दिली नाही. माझ्या चुलतभावाने विचारले तेव्हा ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा आधी त्याच्या पायाशी नेलं होतं मला. त्याला आडवा बघून आले आणि तशीच घरात शिरू?"

एवढ्या मोठ्या गावात सुतक पाळले ते एका बाईने.

बाकीच्यांनी काय केले तेही लिहिते, कोणाला राग आला तरी चालेल. ज्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नसे, जिथली फांदी तोडण्याआधी देवाला कौल लावला जाई, तिथली पडलेली खोडे त्याच पावसाळ्यानंतर एका लाकूड-व्यापाऱ्याला विकली गेली आणि त्या पैशांत देवळापुढे स्लॅब घातला गेला. कौल लावला होता का, असे विचारल्यावर मला "ते आता कोण बघतो" हे उत्तर मिळाले. बेहड्याचे खोड करवतीने कापून नेले तेव्हा काकी दारे लावून आत बसली होती.

देवराईत पडलेले झाड ही टाकाऊ वस्तू नसते. ते जागेवर कुजते, त्यावर भूछत्रे उगवतात, वाळवी आणि भुंगेरे त्याची माती करतात आणि त्या मातीत त्याचेच बी रुजते. शतकानुशतके हे असेच चालले, म्हणून तर वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या तेव्हा आजूबाजूच्या उघड्या डोंगरांत तेवढेच जुने जंगल उरलेले त्यांना दिसले. मोठी झाडे गेली की वर छत राहत नाही. ऊन थेट जमिनीवर येते, रानमोडी आणि घाणेरी ही उपरी झुडपे आत घुसतात, उन्हाळ्यात ती वाळून काडी होतात आणि डोंगरावरचा जो वणवा देवराईच्या कडेला येऊन विझायचा, तो आत शिरतो. आमच्याकडे आता नेमके हेच चालले आहे. ककणेर, म्हणजे धनेश, जुन्या झाडाच्या ढोलीतच घरटे करतो आणि मादी स्वतःला आत लिंपून घेते. अशी ढोली धरायला झाडाला पिढ्या जाव्या लागतात. बेहड्याच्या ढोलीतली त्या वर्षीची पिल्ले वादळाआधी उडाली होती की नाही, हा प्रश्न मला अजूनही रात्री छळतो.

हे मान्य करते की वादळे पूर्वीही होत होती, आणि रस्त्यासाठी देवराईची कड आपणच तोडली नसती तर वारा इतका आत शिरला नसता. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यावरची वादळे पाहता पाहता तीव्र होत आहेत, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ किती वर्षे सांगत आहेत! २०१९ मध्ये क्यार, २०२० मध्ये निसर्ग, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. मुरुडजवळच्या फणसाड अभयारण्यातही झाडे अशीच कोसळली. हा समुद्र काकीने तापवलेला नाही. ती आयुष्यात विमानात बसलेली नाही, तिच्या घरात एक पंखा आहे, आणि तरी जबाबदारी असल्यासारखी डोक्यावरून आंघोळ तिने केली.

आइसलंडमध्ये ओक नावाची हिमनदी वितळून संपली, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये तिथली माणसे डोंगर चढून गेली आणि त्यांनी तिच्या स्मरणार्थ खडकावर फलक बसवला. त्या देशाच्या पंतप्रधानही आल्या होत्या. आपल्याकडे तर यासाठी काही नवे शोधून काढावे लागत नाही. माणूस गेला की दहावे, तेरावे, वर्षश्राद्ध कसे करायचे हे आपल्याला झोपेतही येते. गावावर संकट आले की गुरवाने देवापुढे गाऱ्हाणे घालायचे, हेही येते. मग ज्या रानाने गावाचा झरा मार्च-एप्रिलपर्यंत वाहता ठेवला, त्याच्यासाठी हे सगळे का आठवू नये?

आता मघाचा राग जरा ओसरला आहे, म्हणून नीट लिहिते. रविवारी येणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. ती पावसात खड्डे खणायला तयार आहेत, ही लहान गोष्ट नव्हे, आणि झाडे लावायला तर हवीतच. माझे मागणे एवढेच आहे की गुलमोहराचा टेम्पो शाळेकडे किंवा रस्त्याच्या कडेला वळवावा. देवराईत तिचेच वाण लावावे : बेहडा, सातवीण, किंजळ, सुरमाड. उभ्या राहिलेल्या झाडांखाली बी पडलेले असते, ते गोळा करून पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपल्याच परसात रोपे करता येतील. अजून पडून असलेल्या खोडांना कोणीही हात लावू नये.

आणि या रविवारी सकाळी चपला बाहेर काढून सर्वांनी आत यावे. गुरवकाकांनी गाऱ्हाणे घालावे. त्यानंतर म्हाताऱ्या माणसांनी कुठे कोणते झाड उभे होते ते जागेवर जाऊन सांगावे आणि शाळेतल्या मुलांनी वहीत लिहून घ्यावे, कारण ही माहिती आता चार-पाच जणांकडेच उरली आहे. मी शनिवारी रात्रीच्या एसटीने निघते आहे. काकीला आता तेवढे चालवत नाही, तिला खुर्चीवर बसवून वर न्यावे लागेल. दोन धडधाकट मुलगे हवे आहेत, ज्यांना जमेल त्यांनी खाली लिहा.

फोटो काढणाऱ्या माणसाला दुपारी बोलवा.