निवांत बसायचंय, त्याचीच धावपळ चालू आहे

आमच्या घरात "कुठेतरी निवांत जाऊया" असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण निवांत बाकीचे होणार असतात आणि त्याची सगळी उस्तवार मी करणार असते. यावेळी जाऊबाईंनी कुठल्यातरी रीलमध्ये केरळची हाऊसबोट बघितली, नुसतं पाय पसरून बसायचं, बोट चालवणारा वेगळा, स्वयंपाकी वेगळा, आपण फक्त नारळाची झाडं बघायची. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग धाकट्या भाऊजींनी ते ठेवणीतलं वाक्य काढलं, "वहिनी, तुम्हाला ते गुगलचं वगैरे छान जमतं." झालं. रात्री साडेदहाला 'निवांत केरळ' नावाचा ग्रुप तयार, अ‍ॅडमिन मी.

पहिला प्रश्न माझ्या नवऱ्याचा. एका दिवसात किती पॉइंट कव्हर होतात? आता याला काय सांगणार! हा माणूस महाबळेश्वरला गेला तरी हातात यादी घेऊन फिरतो, आर्थर सीट झाला, टिक, केट्स झाला, टिक. म्हटलं अरे अलप्पुळाला, म्हणजे हाऊसबोटी सुटतात त्या अलेप्पीला, पॉइंट नसतात, पाणी असतं. बोट कालव्यातून निघते, नदीत शिरते, मग वेंबनाड तलावात जाते आणि फिरून परत कालव्यात येते. "म्हणजे बघायचं काय?" म्हटलं बसायचं. यावर तो बराच वेळ गप्प होता आणि मग त्याने गुपचूप मुन्नार अ‍ॅड करता येईल का असं विचारलं.

हाऊसबोटीचा 'एक दिवस' म्हणजे नक्की किती हे मी फोन करकरून समजून घेतलं. दुपारी १२ ला चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला उतरायचं. मधे दुपारी कुठेतरी काठाला लावून जेवण, मग थोडं फिरणं, चारच्या सुमारास चहा आणि पळमपोरी म्हणजे पिकलेल्या केळ्यांची भजी, आणि साडेपाचला बोट काठाला बांधली की बांधली, कारण संध्याकाळनंतर मच्छीमार जाळी टाकतात आणि त्यावरून मोठ्या बोटी नेऊन चालत नाही. मला हा नियम फार आवडला, त्या माणसांचं पोट आहे त्यावर. पण भाऊजी अकाउंट्समध्ये आहेत. त्यांनी ताबडतोब तास मोजले, चालणार चार-पाच तास आणि उभी राहणार सगळी रात्र, "म्हणजे पार्किंगमधल्या गाडीत झोपल्यासारखंच की वहिनी!" वर एसी साध्या बोटीत रात्री ९ ते सकाळी ६ एवढाच. दिवसभर हवा असेल तर प्रीमियम. प्रीमियमचा आकडा सांगितल्यावर सगळ्यांना अचानक नैसर्गिक वारा आवडायला लागला.

मग भाऊजींनी स्वतः अभ्यास केला, जो मी करू नका म्हणून सांगितलं होतं. केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट असते, अलप्पुळा ते कोट्टायम, अडीच तास, तिकीट आपल्या एसटीच्या जवळपासचं. तेच कालवे, तीच भातशेती, शिवाय शाळेची पोरं आणि बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका सोबत फुकट. "मग आपण हजारो रुपये कशाचे देतोय?" खरं सांगू का, मुद्दा बरोबर होता आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

बेडरूमचं गणित तर विचारूच नका. माणसं दहा, त्यात तीन पोरं. आत्या घोरतात आणि आपण घोरतो हे त्यांना मान्य नाही, त्यामुळे त्यांच्या खोलीत कोण हे उघडपणे बोलता येत नाही, ग्रुपवर तर नाहीच कारण आत्या ग्रुपवर आहेत. म्हणून आत्यांना वगळून दुसरा ग्रुप काढला. त्यात जाऊबाईंनी आत्यांनाच द्यायचा मेसेज टाकला, म्हणून तो परत पहिल्यात टाकावा लागला. बोटवाल्याला मी तीन बेडरूम म्हटलं, मग चार, मग तीन आणि एक गादी. तो बिचारा प्रत्येक वेळी "शुअर मॅडम, नो प्रॉब्लम" म्हणाला. इतकं नो प्रॉब्लम ऐकलं की मलाच प्रॉब्लेम दिसायला लागतो. फोटो मागवले तर पाच वेगवेगळ्या बोटवाल्यांकडून तोच सूर्यास्त आणि तीच फळांची परडी आली. बाथरूमचा फोटो एकानेही पाठवला नाही, आणि आईंना म्हणजे सासूबाईंना फक्त तोच हवा होता.

जेवताना मी कौतुकाने सांगितलं की या बोटींचं मूळ केट्टुवल्लम, पूर्वी त्यातून तांदूळ आणि मसाले न्यायचे, आणि गंमत म्हणजे पूर्ण बोटीत खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या असतात. आईंचा घास हातातच राहिला. "शिवलेल्या? आणि उसवली तर?" आत्या वेंगुर्ल्याच्या, त्यांनी शांतपणे सांगितलं की आमच्याकडे रापणीच्या होड्या पण शिवायचे, काय होत नाही. त्या एका वाक्यासाठी मी आत्यांचं घोरणं माफ करायला तयार होते. दोन मिनिटांसाठी.

अण्णांची म्हणजे सासऱ्यांची गोष्ट वेगळी. ते शेतकी खात्यातून रिटायर झालेत आणि त्यांना ट्रिपमध्ये काडीचा रस नव्हता, पण तिथल्याच कुट्टनाड भागात समुद्रसपाटीच्या खाली भात पिकवतात हे कळल्यावर ताठ बसले. कालव्याचं पाणी वर आणि शेत खाली, मधे नुसता मातीचा बांध. मग पाणी बाहेर कसं काढतात? मी वाचून दाखवलं की 'पेट्टी आणि परा' नावाचा लाकडी पंप असतो, उभ्या पिंपातून पाणी वर चढतं आणि आडव्या पेटीतून कालव्यात पडतं. अण्णांनी वही काढली. तण्णीरमुक्कमचा बंधारा उन्हाळ्यात खारं पाणी अडवतो म्हटल्यावर दुसरं पान. आता त्यांना बोट नकोच आहे, त्यांना बांधावर उतरून शेतकऱ्याशी बोलायचंय. आणि आईंनी या सगळ्यातून फक्त 'समुद्राच्या खाली' एवढंच ऐकलं, त्यामुळे लाइफ जॅकेट दहा आहेत का आणि ती धुतात का, हे विचारायला परत फोन.

जेवणाचं म्हणाल तर करीमीन मासा सगळ्यांना माहीत झालाय रील बघून, पण जाऊबाईंचे गुरुवार, आईंची एकादशी आणि माझ्या मुलाचा कायमचा पनीर. सगळं खोबरेल तेलात करतात का, या प्रश्नावर मी उत्तर दिलेलं नाही.

जायचं कसं यावर तर मोठं महाभारत. आईंना विमान नको, मग रेल्वेची नेत्रावती एक्सप्रेस, ठाण्याला चढायचं, आत्या मडगावला चढणार. ती अलप्पुळाला दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचते आणि बोट सुटते १२ ला! म्हणजे बोटीवर राहायला जाण्यासाठी एक रात्र बिनबोटीच्या हॉटेलात. तिकडे रिझर्वेशन आता ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होते. लोक म्हणाले बरं झालं. आमच्याकडे येतो की नाही हे सांगायलाच लोकांना ६० दिवस लागतात, आणि जाऊबाईंच्या भावाने तर वेटिंग लिस्ट ४० ला गेल्यावर विचारलं, आम्ही पण येऊ का.

शेवटी सगळं जमलं. तिकिटं झाली, बोटीचा अ‍ॅडव्हान्स गेला, नवऱ्याने मुन्नार सोडलं. भाऊजींनी एक्सेल शीट करून पाठवली, दर अर्ध्या तासाचा रकाना, १२.३० सामान लावणे, १.३० जेवण, आणि २.३० ते ४.०० 'निवांत बसणे, सर्वांनी'. मी म्हटलं वा. पाच मिनिटांत नवऱ्याचा मेसेज, निवांत बसणे दीड तास जरा जास्त होतंय का? मग आईंनी पत्ते घ्या म्हटलं, आणि तेव्हापासून ग्रुपवर मेंढीकोट की रमी यावर मतदान चालू आहे. आत्यांनी आत्ताच व्हॉइस मेसेज टाकलाय, पत्तेच खेळायचे तर सगळे वेंगुर्ल्याला या की, ओटी रिकामीच आहे.