गुप्तरोग नीट सांभाळावा कसा

लघवीला जळजळ होते, चड्डीवर पिवळे डाग दिसतात आणि तुम्ही लगेच दवाखान्याला निघालात? दम धरा भाऊ. आपण विदर्भातले. इथे पारा पंचेचाळीसवर जातो, तर माणसाच्या आतली उष्णता कुठवर जात असेल! सब्जा भिजवा, धन्याजिऱ्याचं पाणी प्या. ही उन्हाळी ऐन डिसेंबरात, कापूस वेचणीच्या थंडीत लागली, तीही जिल्ह्याच्या गावी मुक्काम करून आल्यावर चार-पाच दिवसांत, याचा फार विचार करू नका.

सब्ज्याने भागलं नाही तर पानटपरी गाठा. रोग गुप्त आहे तो डॉक्टरपासून, टपरीवरच्या चौघांपासून नव्हे. ‘काही नाही होत बे, साऱ्यायलेच होते,’ असा दिलासा तिथे फुकट मिळतो आणि मेडिकलवाल्या पोराची ओळखही निघते. त्याने दिलेल्या गोळ्यांतली एक घ्या, बरं वाटलं की उरलेल्या पुढच्या खेपेसाठी ठेवा. अर्धवट औषधाने परम्याचे (या जळजळीमागच्या गनोरियाचे) जंतू निगरगट्ट होतात, एकेका जुन्या औषधाने त्यांच्यापुढे हात टेकले आहेत. चालायचंच, जीव तेही आहेत.

पण खरी श्रद्धा ठेवावी ती आठवडी बाजारातल्या तंबूवर. बरण्यांत वाळलेल्या मुळ्या, टिनाच्या पाटीवर ‘शर्तिया इलाज’ आणि पडद्यामागे एक डुगडुगता स्टूल. गर्मीचा, म्हणजे सिफिलिसचा, फोड घेऊन जाल तर बाबा चाळीस दिवसांच्या पुड्या बांधून देईल. हा फोड बहुधा दुखत नाही आणि औषध घ्या की नका घेऊ, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप वाळतो. हिशोब कसा चोख जुळतो पाहा! फोड जातो, बाबाचा जयजयकार होतो आणि जंतू रक्तात बिऱ्हाड मांडून बसतात. पुढे तळहातांवर चट्टे येतात, तेही जातात. कित्येक वर्षांनी मेंदूवर नाहीतर हृदयावर बेतलं तर बाबाला शोधायचं कुठल्या बाजारात, ते तुमचं तुम्ही बघा. सुरुवातीलाच रक्त तपासलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनावर काम भागतं म्हणे. एवढ्या स्वस्तात बरा होणाऱ्या रोगाला इज्जत ती काय!

जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक नावाचं प्रकरण असतं, तिकडे फिरकू नका. लक्षणं पाहून राखाडी, हिरव्या, पांढऱ्या डब्यातलं औषध फुकट देतात. एचआयव्हीची तपासणीही फुकट आणि तिचा निकाल तुमच्या संमतीशिवाय भलत्याला सांगायला २०१७च्या कायद्याने मनाई. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन लावला तरी पैसे लागत नाहीत. पैसे न घेता तोंड बंद ठेवणाऱ्यांचा भरवसा कोणी धरावा? वर म्हणतात, जोडीदारालाही औषध द्या, नाहीतर रोग फिरून तुमच्याकडेच येईल. म्हणजे घरी सांगायचं!

निरोधही आशाताईंकडे मागू नका, त्या नेमक्या तुमच्या मावशीच्या जाऊबाई निघतात. कुठून मिळालाच तर मोटारसायकलच्या डिकीत टाका आणि अख्खा मे महिना गाडी उन्हात ठेवा. उन्हाने रबर विरतं, पण जवळ असल्याचं समाधान राहतं.

बायकांना तर यात ओढूच नका. डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते; आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. (सगळेच आजार लैंगिक संसर्गाचे नव्हते, पण विचारणारं तरी कोण होतं?) दुखणं अंगावर काढायची ही शिस्त तुमच्या घरातही राहू द्या. बायको ‘पांढरं जाते’ म्हणाली तर अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा, म्हणून सांगा. क्लॅमिडियासारखा संसर्ग पुष्कळ जणींना जाणवतही नाही आणि गर्भनलिका आतल्या आत बंद होऊ शकतात.

मग चार वर्षं पाळणा हलला नाही की तुमचं काम सोपं. तपासण्या तिच्या, नवस तिचे, उपास तिचे. तुमचा काय संबंध! आई दुसरी सोयरीक पाहायला लागेल. मुलीचा बाप फार तर पत्रिका आणि सातबारा मागेल. जावयाच्या रक्ताचा रिपोर्ट मागितल्याचं आपल्याकडे अजून ऐकलेलं नाही.