सरसकट सीबीसीटी कशाला?

‘प्रत्येक रूट कॅनालआधी थ्रीडी स्कॅन हवाच’ हे रूट कॅनालवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालचे तज्ज्ञ) आणि डेंटल रेडिओलॉजिस्ट (दातांचे एक्सरे-स्कॅन वाचणारे तज्ज्ञ) यांच्या संघटनांनी २०१५च्या संयुक्त निवेदनात स्पष्ट म्हटलंय की सीबीसीटी, म्हणजे दातांचा हा थ्रीडी स्कॅन, सरसकट करू नये. साध्या एक्सरेपेक्षा त्यात रेडिएशन जास्त असतं, पैसेही जास्त. समोरच्या एकाच मुळाच्या दाताला बहुतेक वेळा साधा एक्सरे पुरतो. लेख वाचून उद्या कोणी घाबरून पूर्ण जबड्याचा स्कॅन काढून येईल, त्याचं काय?

पण जिथे गरज आहे तिथे मात्र टाळू नये, हेही तितकंच खरं. आईच्या वरच्या दाढेचं रूट कॅनाल झालं, कॅप बसली, तरी चावताना कळ यायचीच. एक्सरेत सगळं व्यवस्थित! वरच्या दाढेची मुळं एक्सरेत एकमेकांवर येतात, त्यामुळे मागचं काही दिसतच नाही. शेवटी दादरच्या एका एंडोडॉन्टिस्टने फक्त तेवढ्याच भागाचा छोटा स्कॅन करायला सांगितला. आडव्या छेदात भरलेल्या कॅनालचे (मुळातल्या बारीक नळ्यांचे) तीन पांढरे ठिपके दिसले आणि गालाकडच्या पुढच्या मुळात, पांढऱ्या ठिपक्याला लागूनच एक बारीक काळा ठिपका. चौथा कॅनाल, न भरता तसाच राहून गेलेला. वरच्या पहिल्या दाढेत तो बऱ्याच जणांना असतो. कॅपच्या धातूमुळे चित्रात पट्टे उमटतात, त्यामुळे शक्य असेल तर स्कॅन कॅप बसवण्याआधीच व्हावा. लेखात हे यायलाच हवं होतं.