मोबाईलच्या हॉटस्पॉटला घाबरवणारा तो मेसेज

'मोबाईलचं नेट लॅपटॉपला जोडू नका, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' अशा मथळ्याचा मेसेज गेले काही दिवस फिरतोय. त्यात लिहिलंय की हॉटस्पॉट, म्हणजे फोनचं नेट वायफायने लॅपटॉपला द्यायची सोय, सुरू केला की आसपासचा कुणीही तुमचे फोटो आणि बँकेचा पासवर्ड बघू शकतो, म्हणून बँकेची आणि सरकारी कामं नेट कॅफेत किंवा स्टेशनच्या मोफत वायफायवर करा. हॉटस्पॉटची किरणं टॉवरइतकी असतात, कॅन्सर होतो. बॅटरी फुटते. डेटा दुप्पट कापला जातो. आणि हॉटस्पॉट वापरणं गुन्हा आहे. एवढं सगळं त्यात आहे.

आमच्या दाजींनी तो वाचला आणि घरात हॉटस्पॉट बंद केला. भाचीला प्रवेशाचा अर्ज भरायचा होता, घरात लॅपटॉप होता, फोनला चांगली रेंज होती. तरी ती तालुक्याच्या नेट कॅफेत गेली. तिथल्या माणसाने अर्जावर स्वतःचा ईमेल टाकला आणि पासवर्डही स्वतःच ठरवला. आता प्रवेशाच्या प्रत्येक फेरीला त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. हा मेसेज लिहिणाऱ्याला याची कल्पना तरी आहे का?

म्हणून पहिला मुद्दा नीट बघू. हॉटस्पॉट सुरू केला की तुमचा फोन एक छोटं वायफाय तयार करतो. त्याला पासवर्ड असतो आणि लॅपटॉप ते फोन हा प्रवास कूटबद्ध, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारा, असतो. पासवर्ड नसलेला शेजारी त्यात शिरू शकत नाही. फोन फक्त लॅपटॉपची मागणी पुढे टॉवरकडे पाठवतो आणि आलेलं उत्तर परत देतो. गॅलरीतले फोटो, मेसेज यांचा या वाटेशी संबंधच नाही. हॉटस्पॉटमुळे ते कुणाला उघडे होत नाहीत. शिवाय बँकेची साइट एचटीटीपीएसवर चालते, म्हणजे पासवर्ड तुमच्या लॅपटॉपमधून निघण्याआधीच कुलूपबंद होतो.

आता मेसेजने सुचवलेला 'सुरक्षित' मार्ग बघा. नेट कॅफेतला संगणक तुमचा नाही. त्यात कळा नोंदवणारं सॉफ्टवेअर असेल तर पासवर्ड कुलूपबंद होण्याआधी, टाइप होतानाच चोरीला जातो. तिथे एचटीटीपीएस काहीही करू शकत नाही. ब्राउझर पासवर्ड साठवून ठेवतो, आधारची पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते, आणि पुढचा गिऱ्हाईक त्याच खुर्चीत बसतो. स्टेशनच्या वायफायबद्दल सांगायचं तर त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही शेजारच्या बाकावर बसून उभं करू शकतं. बँका स्वतः ग्राहकांना सांगतात की सार्वजनिक वायफायवर व्यवहार टाळा. या मेसेजने नेमकं उलट सांगितलंय, आणि तेही काळजीच्या सुरात. माझा सगळा राग या एका ओळीवर आहे.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की पासवर्ड १२३४५६७८ ठेवलात किंवा ठेवलाच नाहीत, तर कुणीही तुमच्या नेटवर येऊन बसेल. तो डेटा संपवेल आणि त्याने केलेल्या उद्योगांचा माग आधी तुमच्या नंबरपर्यंत येईल. त्यासाठी पासवर्ड बदला. हॉटस्पॉट सोडायची गरज नाही.

कॅन्सर. टॉवरवरचे अँटेना वीस वॅट आणि त्याहून अधिक ताकदीने प्रक्षेपण करतात; फोनचं वायफाय साधारण ०.१ वॅट किंवा त्याहूनही कमी. या दोन्हींना 'सारखं' म्हणायला काहीही आधार नाही. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २बी गटात टाकलं, हे खरं. मेसेजवाले तेवढंच उचलतात. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे सांगत नाहीत. त्यानंतर याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये 'एन्व्हायर्नमेंट इंटरनॅशनल' या नियतकालिकात आला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात तपासले होते. मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. आणि तो अभ्यास डोक्याला लावून बोलायच्या फोनचा होता. हॉटस्पॉटचा फोन तर टेबलावर हातभर लांब पडलेला असतो.

बॅटरी तापते, फुटत नाही. फार तापला तर फोन स्वतःच वेग कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. उशीखाली किंवा उन्हात ठेवू नका, बस.

गुन्हा म्हणे! जीपीआरएसच्या, म्हणजे जुन्या मंद मोबाईल नेटच्या, काळात लोक डेटा केबल लावून संगणकावरून *९९# डायल करायचे, रिलायन्सच्या सीडीएमए या वेगळ्या तंत्राच्या फोनवरून #७७७. फोनचा मोडेम करणं, म्हणजे त्याचं नेट संगणकाला देणं, तेव्हापासून राजरोस चालू आहे आणि आज प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये कंपनीनेच तो पर्याय दिलाय. स्वतःच्या रिचार्जचं नेट स्वतःच्या लॅपटॉपवर वापरणं गुन्हा कसा होईल?

राहिला डेटा. दुप्पट कापला जात नाही. एक जीबी हा एक जीबीच. पण लोकांना तसं का वाटतं ते समजतं. लॅपटॉपला वायफाय दिसलं की तो समजतो घरात ब्रॉडबँड आहे, आणि न विचारता विंडोजचं अपडेट उतरवायला लागतो. ते कित्येकदा काही जीबींचं असतं. व्हिडिओही मोठ्या पडद्यासाठी जास्त दर्जाचा येतो. रोजचा दीड-दोन जीबीचा प्लॅन तासाभरात संपतो. उपाय लॅपटॉपमध्येच आहे: सेटिंगमध्ये नेटवर्क, तिथे तुमच्या हॉटस्पॉटचं नाव, आणि 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे मोजून वापरायचं नेट) चालू. मग विंडोज बहुतेक अपडेट थांबवून ठेवतो. क्लाउडवर फोटो चढवणारं ॲप असेल तर तेही तेवढ्यापुरतं थांबवा.

आणि वायफायचीच भीती जात नसेल तर चार्जिंगची केबल लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वायफाय लागतच नाही, पासवर्डचा प्रश्न येत नाही आणि फोन चार्जही होत राहतो. दाजींच्या घरी आता तसंच जोडून दिलंय.