‘आठ ग्रॅम थोरियम’वाल्या मेसेजला उत्तर

माझ्या एका विद्यार्थिनीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर अणुऊर्जेच्या विषयात पीएच.डी. करायची आहे. परवा तिच्या वडिलांनी मला लातुरात गाठलं आणि मोबाइल पुढं केला. "सर, हे वाचा. सगळं शोधून झालंय म्हणतेत. मग ही पोरगी आणखी काय शोधायलीय?"

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं म्हणणं असं: आठ ग्रॅम थोरियम या किरणोत्सर्गी धातूवर मोटार शंभर वर्षं चालते, तंत्र तयार आहे, परदेशी कंपन्यांनी ते दाबून ठेवलंय, अणूचं काम मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रात होतं, विद्यापीठांनी त्यात पैसा घालू नये, विद्यापीठात अणुभट्टी म्हणजे वसतिगृहाशेजारी बॉम्ब, आणि मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, इथल्या पोरांनी हा नाद करू नये. शेवटचं वाक्य मला फार लागलं.

आठ ग्रॅमचा आकडा मात्र हवेतला नाही, हे आधी कबूल करतो. एक ग्रॅम इंधनाचं पूर्ण विखंडन झालं, म्हणजे त्यातले सगळे अणू फुटले, तर सुमारे २४,००० युनिट उष्णता मिळते. आठ ग्रॅमची झाली १ लाख ९२ हजार. तिच्या एक तृतीयांशाची वीज झाली तरी ६४ हजार युनिट, म्हणजे विजेवरची मोटार चार लाख किलोमीटरच्या आसपास जाईल. गणित बरोबर आहे, पण थोरियम आपणहून पेटत नाही. न्यूट्रॉन गिळल्यावर तो आधी प्रोटॅक्टिनियम होतो आणि मग युरेनियम-२३३. खरं इंधन हे शेवटचं. यातल्या प्रोटॅक्टिनियमचं अर्धायुष्यच २७ दिवसांचं आहे, म्हणजे त्यातलं निम्मं बदलायलाच तेवढे दिवस लागतात. तो न्यूट्रॉन पुरवायला मुळात चालू भट्टी लागते. एका अणूच्या फुटण्यातून पुढचा फुटत राहण्याची साखळी प्रक्रिया टिकवायला इंधन किलोंनी लागतं, आणि भोवती जाड काँक्रीट. हे मोटारीत बसवता येत नाही.

दाबून ठेवल्याचं म्हणाल, तर तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही ३० किलोवॅटची छोटी भट्टी १९९६ पासून थोरियमपासून बनलेल्या युरेनियम-२३३ वरच चालते. अमेरिकेत ओक रिज इथं १९६५ ते १९६९ या काळात वितळलेल्या क्षारात इंधन विरघळवून भट्टी चालवली. तिचे अहवाल आज कुणालाही वाचता येतात. थोरियमसाठी अशाच क्षार-भट्टीकडे बघितलं जातं, पण अडलंय ते तिच्या भांड्यापाशी. आपल्या स्टीलच्या भांड्याला गंज चढत नाही, कारण त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. तापलेल्या फ्लोराइड क्षारात तो थर टिकत नाही आणि धातूतलं क्रोमियम क्षारात उतरू लागतं. ओक रिजला निकेलचा खास मिश्रधातू वापरला होता. त्यालाही, विखंडनातून तयार झालेल्या टेल्यूरियममुळं, पृष्ठभागावर बारीक भेगा पडलेल्या सापडल्या. अशी भांडी तीस-चाळीस वर्षं कशी टिकवायची? तंत्र तयार आहे म्हणणाऱ्यानं आधी याचं उत्तर द्यावं.

आणि हेच काम विद्यापीठात होऊ शकतं. गंजाच्या प्राथमिक चाचणीला युरेनियमचा कणही लागत नाही. विद्युत भट्टी, आर्गॉन भरलेली बंद पेटी, क्षार, धातूचे तुकडे आणि महिनोन्‌महिने मोजमाप करण्याची चिकाटी एवढंच लागतं. न्यूट्रॉनांचा हिशेब करणारी ‘ओपनएमसी’ ही संगणकाची आज्ञावली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली, ती फुकट मिळते आणि सोपं गणित साध्या लॅपटॉपवरही होतं. छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठातून गॅमा किरण वेगवेगळ्या पदार्थांत किती शोषले जातात यावर शोधनिबंध निघालेले आहेत. किरणांपासून आडोसा कसा उभारायचा, याचा पाया तोच. ट्रॉम्बेचं मोठेपण मी अजिबात नाकारत नाही. पण तिथं जाणारी माणसं एम.एस्सी.च्या आणि इंजिनिअरिंगच्या वर्गातूनच जातात. टेक्सासमधलं ॲबिलीन हे लातूरहून लहान शहर. तिथल्या विद्यापीठाला सप्टेंबर २०२४ मध्ये एक मेगावॅट औष्णिक क्षमतेची, द्रवरूप क्षार-इंधनाची संशोधन भट्टी बांधायचा परवाना मिळाला.

बॉम्बचं उत्तर छोटं आहे. बॉम्बला सहसा नव्वद टक्क्यांच्या वर समृद्ध केलेलं, म्हणजे सहज फुटणाऱ्या युरेनियम-२३५ चं प्रमाण तेवढं वाढवलेलं युरेनियम लागतं. अमेरिकेत ओरेगॉनच्या रीड कॉलेजातल्या २५० किलोवॅटच्या भट्टीत हे प्रमाण वीस टक्क्यांहून कमी असतं. इंधन तापलं की तिची साखळी प्रक्रिया आपोआप मंदावते. ही भट्टी १९६८ पासून आहे आणि ती चालवणारे बहुतेक जण पदवीचे विद्यार्थी असतात. किरणोत्सर्गाची काळजी तिथंही घ्यावीच लागते, पण ती वेगळी गोष्ट. आपल्याकडे तर कुठल्याही राज्य विद्यापीठात भट्टीच नाही.

राहिलं पाणी. २०१३ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद पडलं आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. हे विसरून कुणी इथं भट्टी आणा म्हणत असेल तर मीही विरोध करीन. पण संशोधनाला कारण हेच आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं पालो वर्दे अणुवीज केंद्र शहरांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर थंड ठेवतात. चीननं थोरियमची प्रायोगिक क्षार-भट्टी गोबीच्या वाळवंटाकाठी, गान्सू प्रांतात उभारली. २०२३ मध्ये तिच्यात साखळी प्रक्रिया सुरू झाली. क्षार-भट्टीची उष्णता चढ्या तापमानाची असते. त्यामुळं तिची वीज जास्त होते, वाया कमी जाते, आणि उरलेली पाण्याऐवजी हवेत सोडणंही तुलनेनं सोपं पडतं. नेमक्या याच हवेवरच्या थंडाव्यावर आमच्या या विद्यार्थिनीला काम करायचंय.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फेलोशिप मिळती का सर?" मिळते, नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा निघाली तर. जूनच्या परीक्षेचा अभ्यास तिनं कधीच सुरू केलाय.