आधी वजनकाट्यापुढे पडदा लावा, मग व्याख्यान ठेवा

ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाणं आणि वजन यांभोवती फिरणारे मानसिक आजार, याबद्दल शाळेत जागृती करायची म्हटलं की पहिलं ठरतं ते व्याख्यान. शनिवारी सकाळी आठवी ते दहावी हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली, पाहुणे डॉक्टर, पडद्यावर बरगड्या दिसणाऱ्या मुलीचा फोटो, तिने वजन कमी करायला काय काय केलं त्याचं वर्णन, मग शाल-श्रीफळ आणि आभार. हेतू चांगलाच असतो. पण या विषयात हा सगळ्यात कमी उपयोगाचा आणि कधी कधी अपायाचा मार्ग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमध्ये १३-१४ वर्षांच्या मुलींना शाळेत या विकारांची माहिती देऊन पाहिली गेली. १९९७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. मुलींची माहिती वाढली होती, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यांनी स्वतःच्या खाण्यावर घातलेली बंधनंही वाढली होती. त्याच वर्षी अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासातही असंच दिसलं. विकारातून बरं झालेल्या मुलींनी कॉलेजातल्या नव्या मुलींना आपले अनुभव सांगितले, आणि काही आठवड्यांनी ऐकणाऱ्यांमध्येच लक्षणं किंचित जास्त आढळली. बारीक व्हायच्या विचारात असलेल्या मुलीला आपण नकळत पद्धतच शिकवतो. म्हणून पहिला नियम: विद्यार्थ्यांसमोर वजनाचे आकडे नाहीत, कॅलरी नाहीत, आजारी मुलींचे फोटो नाहीत आणि 'ती असं करायची' हे वर्णन नाही.

मग जागृती सुरू कुठून करायची? वजनकाट्यापासून.

दरवर्षी आरोग्य तपासणी होते. काटा व्हरांड्यात, रांग पायऱ्यांपर्यंत. सर वाकून आकडा बघतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, वर्गप्रतिनिधी वहीत उतरवतो. नववीतली एक मुलगी काट्यावर चढण्याआधी चप्पल काढते. मग हातातलं घड्याळ. मग केसांची क्लिप. क्लिपचं वजन ते किती असणार? पण तिला तेवढंही नको असतं, कारण पुढच्या क्षणी तो आकडा मागच्या चाळीस जणांना कळणार असतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं टोपणनाव होणार असतं.

हे बदलायला एक पडदा किंवा रिकामी खोली पुरते. एका वेळी एकच विद्यार्थी आत. आकडा मोठी व्यक्तीच वाचेल, तीच लिहील, विद्यार्थ्याला लिहायला बसवायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही, 'वाढलं की गं' असंही नाही. नोंद फळ्यावर किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, पालकांना बंद पाकिटात. बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा) काढणं हा वर्गातला गणिताचा उपक्रम करू नका. त्यातल्या कमी वजनाची १८.५ आणि जास्त वजनाची २५ या रेषा प्रौढांसाठी आहेत, वाढत्या वयात वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते लागतात. बारा वर्षांच्या मुलीला प्रौढांचा तक्ता लावला तर निरोगी पोर 'कमी वजनाची' ठरते, आणि तो शिक्का मनात धरूनच मोठी होते.

'हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे, आपल्या खान्देशात कुठे' असं म्हणणाऱ्यांना फिजीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथे भरलेलं, धष्टपुष्ट शरीर हेच चांगलं मानलं जायचं. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तीन वर्षांनी त्याच भागातल्या शाळकरी मुली टीव्हीवरच्या नट्यांसारखं बारीक व्हायचं म्हणून खाणं सोडताना आढळल्या. आपल्याकडे तर चोपड्यापासून साक्रीपर्यंत घराघरात मोबाइल आहे, आणि लग्नाच्या बायोडाटात 'गोरी, सडपातळ' हे शब्द त्याच्याही आधीपासून आहेत.

आता शिक्षक. विद्यार्थ्यांचा एकही तास घेण्याआधी शिक्षकांचे दोन तास घ्या, त्यात शिपाई मावशी आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईही हव्यात. त्यांना जे दिसतं ते स्टाफरूममध्ये दिसत नाही. जेवणानंतर लगेच बाथरूमकडे जाणारी, डोळे लाल करून परतणारी मुलगी मावशींना पहिल्यांदा कळते. आश्रमशाळेत अधीक्षिका मॅडमना ताट दिसतं.

डबा कसा बघायचा तेही शिकवावं लागतं. डबा रिकामा होणं आणि डबा खाल्ला जाणं वेगळं. भाकरीचे बारीक तुकडे करून ते इकडून तिकडे फिरवले जातात, वांग्याच्या भाजीवरचं तेल कागदाने टिपलं जातं, 'मी घरून खाऊन आले' हे रोजचं होतं, आणि स्वतःचं मैत्रिणींना आग्रहाने वाढून ती पाणी पीत बसते. एखाद्या दिवशी असं झालं तर काहीच नाही. सलग दोन आठवडे झालं तर नोंद करा.

दुसरी खूण आपल्या हवेत ठळक दिसते. मार्चअखेर जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशीकडे जातो, आणि एखादी मुलगी अंगात स्वेटर घालून बसते. तिला खरंच थंडी वाजते, शरीराने शेकोटी मंद केलेली असते. शिवाय ढगळ कपड्यांनी अंगही झाकलं जातं. केस गळणं, पाळी थांबणं, प्रार्थनेला उभं राहिल्यावर चक्कर, अंगावर बारीक लव येणं, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, गाल कानाखाली सुजल्यासारखे होणं, दातांचं आवरण झिजणं, या खुणा शिक्षकांना माहीत हव्यात. विद्यार्थ्यांना नकोत.

सगळे रुग्ण बारीक नसतात, हे शिक्षकांच्या मनात सगळ्यात उशिरा उतरतं. ॲनोरेक्सियात, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजारात, वजन उतरतं. बुलिमियात, म्हणजे खूप खाऊन मग ते ओकून वगैरे बाहेर काढण्याच्या आजारात, ते बहुधा नेहमीसारखंच असतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. बिंज ईटिंगमध्ये थोड्या वेळात, थांबवता न येता, खूप खाल्लं जातं आणि नंतर स्वतःची किळस येते. अशा मुलाला आपण 'खादाड' म्हणून मोकळे होतो. मुलगेही यात आहेत. कुस्तीच्या स्पर्धेआधी वजनगटात बसायला दोन दिवस पाणी तोडणारा पैलवान, पोलीस भरतीच्या तयारीत छाती भरत नाही म्हणून आरशासमोर तासन् तास घालवणारा आणि डब्यातली पोळी सोडून प्रोटीनची पावडर खाणारा मुलगा, यांच्याबद्दल कोणाला शंकाही येत नाही. क्रीडा शिक्षकांनी वजन तोडायला सांगणं बंद करावं, मुलाला त्याच्या नेहमीच्या वजनाच्या गटात खेळवावं.

दुसरी बाजूही बघा. नंदुरबारमधला प्रत्येक बारीक मुलगा 'डिसऑर्डर'वाला नसतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे भूक हा घरातल्या धान्याचा प्रश्न असू शकतो. सिकलसेल, क्षयरोग, जंत, थायरॉइड, लहान वयातला मधुमेह यांनीही वजन उतरतं. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या. शिक्षकाने नाव ठेवायचं नाही, फक्त काय दिसलं ते सांगायचं. सकाळी साडेसहाच्या एसटीने येणारी मुलगी उपाशी येते ती बहुतेक वेळा घाईमुळे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचा. नववीत पाऊल ठेवलं की तो थांबतो, आणि शरीराची मागणी तर तेव्हाही जोरात असते. नववी-दहावीच्या मुलांना पहिल्या दोन तासांनंतर दहा मिनिटं खायला दिली तरी बरीच चक्कर कमी होईल. केळी आपल्याकडे घरोघरी आहेतच.

उपवासाबद्दल जपून बोलायला हवं. हरतालिका निर्जळ, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, हे आपल्या आयाबायांचं आहे. शाळेने त्याची टवाळी केली तर घराचा दरवाजा बंद होईल. फक्त एवढं विचारायचं: उपवास सुटतो का? व्रताचा उपवास पारण्याला सुटतो, साबुदाणा-भगर चालते, घरच्यांबरोबर हसत जेवणं होतं. आजाराचा उपवास सुटत नाही. एका सोमवारचे तीन वार होतात, भगर नको, फळ नको, आणि पारण्याच्या दिवशी पोट दुखतं.

विद्यार्थ्यांसाठी मी सहावी ते नववीत ३५ मिनिटांचे पाच तास घेईन, आठवड्याला एक. आठवीपर्यंत दप्तराविना भरणारा आनंददायी शनिवार त्यासाठी सोयीचा आहे. पहिला तास वाढीचा: वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढणं हा शरीराचा ठरलेला कार्यक्रम आहे, कंबर-मांड्या भरतात, कोणी अकराव्या वर्षी उंच होतं तर कोणी पंधराव्या. हे आधी सांगितलं तर पुढची निम्मी भीती उरत नाही. दुसरा तास फोटोंचा: एकच चेहरा साधा आणि फिल्टर लावलेला शेजारी शेजारी ठेवा, काय काय बदललं ते मुलांनाच शोधू द्या. तिसरा तास शब्दांचा: काडी, ढोली, हत्ती, सुकडी. ही नावं कोण देतं, ऐकणाऱ्याने काय म्हणायचं, याचा जोडीने सराव.

चौथ्या तासावर जास्त वेळ घालवा. बारीकच असायला हवं या समजुतीविरुद्ध मुलांनी स्वतः लिहायचं, स्वतः वर्गात बोलायचं. आपल्या लहान बहिणीला पत्र लिही, तिला कोणी जाडी म्हटलं तर तू काय सांगशील? दुसऱ्याला पटवताना माणूस स्वतःला पटवतो, आणि प्रतिबंधाच्या ज्या पद्धतींचा सगळ्यात चांगला अभ्यास झाला आहे त्यांत ही एक आहे. पत्र तपासायचं नाही, गुण द्यायचे नाहीत, शुद्धलेखनाला लाल शाई लावायची नाही. पाचवा तास मदतीचा: मैत्रीण अडचणीत वाटली तर कोणत्या मॅडमकडे जायचं. 'तुझं गुपित' म्हणून गप्प राहायचं नाही.

'जंक फूड हटवा' मोहिमेबद्दलही मला बोलायचं आहे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत हा २०२० चा नियम आहे, तो पाळला गेलाच पाहिजे. पण भिंतीवरच्या पोस्टरमध्ये जाड मुलाचं व्यंगचित्र नको. शेवभाजी 'वाईट' आणि काकडी 'चांगली' असंही शिकवू नका. पदार्थाला पाप-पुण्य चिकटलं की काही मुलं एकेक पदार्थ सोडत जातात आणि शेवटी ताटात दोनच उरतात.

शंका आली तर बोलायचं कसं? ज्यांच्याशी मुलीचं जमतं अशा एकाच मॅडमनी, जेवणाची वेळ सोडून, दार लोटलेल्या पण बंद न केलेल्या खोलीत. शरीरावर एक शब्द नाही, फक्त दिसलेल्या गोष्टी: 'दोन आठवडे डबा परत जातोय, पीटीला तू बसून असतेस, मैत्रिणींत मिसळत नाहीस. मला काळजी वाटते. काय चाललंय?' ती 'काही नाही' म्हणेल. तेव्हा 'बरं, मी गुरुवारी परत विचारीन' म्हणा, आणि गुरुवारी खरंच विचारा. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, पाळता येणार नाही. 'ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगीन, आणि आधी तुला सांगीन' एवढंच खरं आहे. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीतल्या एका सदस्येकडे ही जबाबदारी नावानिशी द्या. डॉक्टर-समुपदेशकांची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, स्कॉफ नावाची, १९९९ पासून वापरात. ती त्यांच्याच हाती राहू द्या, वर्गात झेरॉक्स वाटू नका.

पालक भेटीला आले की आई म्हणते, नजर लागली. आजी म्हणते, 'कितली वाळी गयी वं पोर!' वडील म्हणतात, लाडावलीये, दोन दिवस मोबाइल काढला की सरळ होईल. त्यांना सांगा, हा हट्ट नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ते दिवसभर फक्त अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. उपाशी मेंदू असाच वागतो. आणि आणखी एक गोष्ट हात जोडून सांगा: खूप दिवस जवळजवळ न खाल्लेल्या मुलीसमोर एकदम पुरणाचे मांडे आणि आमरसाचं ताट ठेवून 'संपव' म्हणू नका. अचानक भरपूर खाणं गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदयाला धोका होतो. खाणं किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर ठरवतील.

नेहमीच्या तपासणीला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, तिथल्या किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये. पुढे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मूल बेशुद्ध पडलं, छातीत धडधड होतेय, जागेपणी नाडी ५० च्या खाली आहे, पाणीही घेत नाही किंवा मरणाबद्दल बोलतंय, तर पालक सभेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी गाडी करून दवाखाना.

आणि ती उपचार घेऊन परत येते तो दिवस आधीच ठरवून ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत पीटी नाही, पण मैदानावर तिला गुणलेखनाचं काम द्या, एकटी वर्गात बसवू नका. मधल्या सुट्टीत जिच्यासोबत डबा खायला तिला बरं वाटतं ती मैत्रीण शेजारी. डॉक्टरांनी मधेच खायला सांगितलं असेल तर तासातही खाऊ द्या, सगळ्या विषयांच्या शिक्षकांना ते माहीत हवं. आणि स्टाफरूममध्ये आदल्या दिवशीच सांगून ठेवा, 'तब्येत छान झाली हं आता' असं कोणीही म्हणायचं नाही. आपण ते मायेने म्हणतो, तिला मात्र 'तू जाड झालीस' एवढंच ऐकू येतं, आणि दुपारचा डबा परत बंद राहतो. 'आलीस, बरं वाटलं. विज्ञानाचा सहावा धडा चालू आहे, वही देते' एवढं म्हणा.