हप्ता तोच, मुदत वाढली!

काल भाचा गृहकर्जाचे कागद घेऊन आला. “मामा, व्याज 8 टक्के आहे, चांगलंय ना?” मी विचारलं, फ्लॅट का रिड्यूसिंग? त्याने असं काही पाहिलं की मला माझा पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा आठवला.

म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्याचाच प्रश्न घेऊ. रिड्यूसिंग म्हणजे जेवढं मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज. फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज, मग तुम्ही निम्मं फेडलेलं का असेना. 20 वर्षांसाठी 8 टक्के फ्लॅट म्हणजे खरा दर जवळपास पावणेबारा टक्के. आकडा 8 च दिसतो, खोटं कुणीच बोललेलं नसतं. घरासाठी सहसा रिड्यूसिंगच असतं, पण विचारून घ्यायला पैसे पडत नाहीत.

आता माझी गोष्ट. माझं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बाजारातला दर हलला की माझाही हलणार. पाच वर्षं नेमाने हप्ते भरले. मधेच कर्ज देणाऱ्या संस्थेचा मेसेज आला: व्याजदरात बदल, हप्ता आहे तोच, मुदत सुधारित. मी खूश! हप्ता वाढला नाही ना, मग झालं. पुढे कधीतरी सहज स्टेटमेंट उघडलं. 240 पैकी 60 हप्ते भरलेले, म्हणजे उरायला हवेत 180. कागदावर 220 च्या वर. पाच वर्षं चालून मी मागच्या दाराने जवळजवळ उंबरठ्यावरच परतलो होतो. दर वाढला होता फक्त दीड टक्का.

तेव्हा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. 1 लाख कर्ज, 20 वर्षं, 8 टक्के: हप्ता साधारण 836. पहिल्या हप्त्यातले 667 व्याजात जातात आणि मुद्दलातून सुटतात जेमतेम 170. निम्मं मुद्दल फिटायला 13 वर्षं आणि 8 महिने लागतात. दहा वर्षांत अर्धं कर्ज फिटेल असं मी खुशाल धरून चाललो होतो! आणि शेवटी व्याजाची बेरीज मुद्दलाएवढीच, किंचित जास्तच.

याच कर्जाचा दर सुरुवातीलाच 9 झाला आणि हप्ता 836 च ठेवला, तर 20 ऐवजी 25 वर्षं 4 महिने. दर 10 झाला तर? 56 वर्षं. टायपिंगची चूक नाही, छप्पन्न! कारण महिन्याचं व्याजच 833 होतं, मुद्दलासाठी 3 उरतात. त्याच्याही थोडं वर गेलं की हप्ता भरूनही कर्ज वाढतं. याला निगेटिव्ह अमॉर्टायझेशन असं भारदस्त नाव आहे. मुदत हा या सगळ्या कारभारातला सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग शब्द आहे, असं माझं ठाम मत.

अमॉर्टायझेशन म्हणजे हप्त्याहप्त्याने कर्ज मारत नेणं. ‘मॉर्ट’ म्हणजे मृत्यू. मॉर्गेज हा शब्दही त्याच घरातला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘मृत तारण’. 17 व्या शतकातल्या एडवर्ड कोक या इंग्रज कायदेपंडिताने त्याचा अर्थ असा लावला: कर्ज फेडलं नाही तर जमीन ऋणकोला (कर्ज घेणाऱ्याला) मेली, फेडलं तर तारण धनकोला (कर्ज देणाऱ्याला) मेलं. (ऋणको-धनको शाळेत पाठ केले होते, कोण कुठला ते अजून गोंधळतो.)

आपले जुने शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतात. नजरगहाण: वस्तू तुमच्या ताब्यात, पण दुसऱ्याची नजर तिच्यावर. घर तुमचं, राहता तुम्ही, रंग तुम्ही देता, पण विकायला निघालात की ती नजर जाणवते. आणि बोजा. कर्ज घेतलं की मालमत्तेवर बोजा चढतो, फेडलं की उतरवून घ्यावा लागतो. शेवटचा हप्ता भरला म्हणून आपोआप उतरेल या भ्रमात राहू नका. मूळ कागद परत घ्या, नोंद काढून घ्या.

मोरॅटोरियम, म्हणजे काही महिने हप्ते न भरण्याची सवलत. तिच्याबद्दल एवढंच: सुट्टी हप्त्याला असते, व्याजाला नाही.

जामीनदार मात्र नीट समजून घ्या. “फक्त सही हवीय, फॉर्मॅलिटी आहे,” असं म्हणत कुणी पेन पुढे केलं तर आधी कागद वाचा. बहुतेक करारांत कर्जदाराने हात वर केले की वसुली थेट तुमच्याकडे येऊ शकते. घरात वाटा शून्य, कर्जात पूर्ण. सहकर्जदार निदान घराच्या कागदावर असू शकतो. मी दोन नातेवाइकांना नाही म्हटलंय. त्यातल्या एकाशी अजून बोलणं बंद आहे.

बरं, आधीच भरणा. वरच्या उदाहरणात पहिल्याच वर्षी एक हप्ता जादा भरला आणि मासिक हप्ता तसाच ठेवला, तर शेवटचे जवळपास पाच हप्ते वाचतात. तोच जादा हप्ता पंधराव्या वर्षी भरलात तर जेमतेम दीडच वाचतो. जादा पैसे भरल्यावर ‘हप्ता कमी करू की मुदत?’ असं विचारतात. विचारलं नाही तर तुम्ही सांगा, आणि लेखी सांगा.

त्या स्टेटमेंटनंतर मी अर्ज घेऊन गेलो, हप्ता वाढवा आणि मुदत पुन्हा 180 वर आणा म्हणून. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला. “सर, वाढवा लिहिलंय. कमी करा म्हणायचंय ना तुम्हाला?”